कोरडा जोड: जंगल ट्रेकची सॅक भरताना

(दृश्य: जमिनीवर मांडलेलं सामान. सॅक अजून रिकामी.)

उष्ण कटिबंधातल्या घनदाट जंगलात पाच-सहा दिवस चालायचं असेल, तर सॅक भरायच्या आधीच एक गोष्ट मान्य करून टाकावी: आपण भिजणार. पाऊस आला तर पावसानं, नाही आला तर घामानं. रात्री दोरीवर टाकलेला शर्ट सकाळीही ओलाच निघतो, कारण हवाच ओलीगच्च असते. तेव्हा दिवसा अंग कोरडं ठेवायचा खटाटोप सोडून द्यायचा. रात्री घालायचे कपडे आणि पांघरूण तेवढं कोरडं राहिलं पाहिजे. बाकीचं सगळं पॅकिंग या एका हिशोबानं.

(दृश्य: कपड्यांचे दोन ढीग.)

कपड्यांचे जोड दोनच. चालायचा आणि झोपायचा. चालायचा जोड पूर्ण बाह्यांचा, सैल, पातळ सिंथेटिक कापडाचा. सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवा. पाणी धरून जड होतात आणि मांड्या सोलवटून काढतात. आतून अंगाला घट्ट बसणारी शॉर्ट आणि जांघेत पेट्रोलियम जेली, म्हणजे कातडी शाबूत राहते.

मुक्कामी पोचल्यावर छत (पाऊस अडवायला डोक्यावर ताणायचं कापड) बांधून झालं, की ओले कपडे उतरवायचे, अंग पुसायचं, कोरडा जोड चढवायचा. आणि सकाळी तो उतरवून पुन्हा कालचाच गार, चिकट शर्ट घालायचा. नकोसं वाटतं, आणि बरेचजण नेमके इथंच कच खातात. ‘आजच्या दिवस कोरडाच घालू’ म्हणून निघतात आणि तासाभरात दोन्ही जोड भिजवून बसतात. तिसरा जोड घेऊनही हे टळत नाही, नुसतं ओझं वाढतं.

(दृश्य: सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी उघडली जाते.)

सॅक पन्नास ते साठ लिटरची पुरते. वरच्या रेन कव्हरवर मात्र विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते, मानेवरून ओघळणारं पाणी तिथून आत शिरतं. शिवाय कव्हर काट्याकुट्यांत अडकून फाटतं. बंदोबस्त आतून करायचा: सॅकपेक्षा मोठी, जाड प्लास्टिकची पिशवी अस्तरासारखी, आणि तिच्यात वेगवेगळ्या ड्राय बॅगा, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, पाणी आत न घेणाऱ्या पिशव्या.

(क्लोज-अप: ड्राय बॅगचं तोंड गुंडाळणारे हात.)

ड्राय बॅग तोंडापर्यंत ठासून भरली, की घडीला जागाच उरत नाही. वरचा भाग मोकळा ठेवा. दोन्ही कडा जुळवा, हवा दाबून काढा, किमान तीन घट्ट घड्या घाला आणि मग क्लिप लावा. घडीत बाहीचं टोक किंवा मोज्याचा धागा अडकला, तर तोच वातीसारखा पाणी आत ओढतो. सकाळी घाईत भरलेली बॅग बहुधा याच कारणानं ओली निघते.

तळाशी पांघरूण आणि कोरडा जोड. शिधा नि भांडी यांसारख्या जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर; त्या बाहेरच्या बाजूला गेल्या तर सॅक मागे ओढते आणि चिखलातल्या उतारावर तोल जातो. छताचं कापड सगळ्यात वर किंवा बाहेरच्या खिशात. भर पावसात थांबल्यावर आधी तेच लागतं. ते तळाशी असेल, तर काढेपर्यंत वरचं सगळं भिजलेलं असतं.

(दृश्य: दोन झाडांमध्ये मच्छरदाणी लावलेला हॅमॉक, म्हणजे टांगता झोपाळा.)

ओली, मुळांनी भरलेली, मुंग्यांनी व्यापलेली जमीन तंबूला जागा देत नाही. तिथं मच्छरदाणीसकट हॅमॉक सोयीचा. वर तीन बाय तीन मीटरचं छत, झाडाची साल कापू नये म्हणून अडीच सेंटिमीटर रुंद पट्टे, आणि पट्ट्याचा उतार आडव्या रेषेशी साधारण तीस अंश. छताखाली आलेल्या भागात प्रत्येक पट्ट्याला सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. पट्ट्यावरून वाहत येणारं पाणी त्यावरून खाली गळतं, अंथरुणात येत नाही. झाड निवडताना आधी वर बघा. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी दिसली, तर जागा बदला. आणि पातळ फोमची चटई घ्याच: पाठीखालून हवा खेळते, त्यामुळे उष्ण प्रदेशातही पहाटे हुडहुडी भरते.

(क्लोज-अप: मोज्याच्या विणीवर जळू.)

पायांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. वॉटरप्रूफ अस्तराच्या बुटात पाणी वरून शिरतं आणि मग निघता निघत नाही. निचऱ्याची भोकं असलेले, लवकर वाळणारे बूट बरे. मोजे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले दिसू लागले की समजा, कातडी कुजायच्या वाटेवर आहे. रात्रभर पाय कोरडे आणि मोकळे राहिले, तर ती सावरते.

उपाशी जळू इतकी बारीक असते, की साध्या मोज्याच्या विणीतून आत जाते. म्हणून वरून घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे जळू-मोजे, आणि पॅन्टचे पाय त्यांच्यात खोचलेले. चिकटलेली जळू चटका देऊन किंवा मीठ टाकून काढू नका; पोटातलं रक्त ती जखमेत ओकू शकते. आधी बारीक टोकाखाली नख सरकवायचं, मग जाड टोकाखाली. रक्त बराच वेळ झिरपत राहतं, ते जळवेच्या लाळेमुळे. घाबरायचं कारण नाही.

डासांसाठी त्वचेवर डीट (कीटक दूर ठेवणारं औषध), कपड्यांवर 0.5 टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक), तेही निघण्यापूर्वी मारून पूर्ण वाळवलेलं. डीट काही प्रकारचं प्लॅस्टिक विरघळवतं, म्हणून बाटली वेगळ्या पिशवीत आणि चष्म्या-घड्याळापासून लांब.

पाणी आधी फडक्यातून गाळायचं, मग क्लोरीनची गोळी, मग निदान तीस मिनिटं वाट. गढूळ पाण्यात गोळी नीट चालत नाही. क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवी असतात, तेव्हा सरपण मिळेल तिथं पाणी खळखळून उकळा. पेटवणासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या न्या. त्या ओल्या झाल्या तरी पेटतात. हेडलॅम्प वरच्या खिशातच हवा, कारण झाडोऱ्याखाली अंधार सूर्यास्ताच्या आधीच होतो.

(दृश्य: भरलेली सॅक शॉवरखाली.)

निघायच्या दोन दिवस आधी भरलेली सॅक दहा मिनिटं शॉवरखाली ठेवा. मग तळाची ड्राय बॅग उघडा आणि झोपायचे मोजे हातात घेऊन पाहा. ओलसर लागले, तर शिवण किंवा घडी कुठं दगा देतेय ते शोधा, टेप लावा, आणि सॅक पुन्हा पाण्याखाली धरा.