तोंड आखूड, तोंड लांब, पण पोटातल्या रक्तवाहिन्यांचं काय?

कुत्र्यांच्या तीन जाती बघा. हा पग, नाक जवळपास नाहीच. हा लॅब्रेडॉर, मध्यम तोंडाचा. आणि हा आपल्या मराठवाड्यातला कारवान, तोंड असं लांबच लांब. कवटीची रुंदी भागिले लांबी, त्यावरून हे तीन प्रकार पाडलेत. ब्रॅकिसेफॅलिक, मेसॅटिसेफॅलिक, डोलिकोसेफॅलिक, नावं घशात अडकतात, सोडा.

प्रश्न असा की डोक्याचा हा फरक पोटापर्यंत पोचतो का?

सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, शिरेतून आयोडीनचं औषध सोडलं की काही सेकंदात महाधमनी पांढरी चमकते. डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, ओलांडून ती पोटात आली की पहिली मोठी फांदी सीलियक, ती लिव्हर, जठर आणि प्लीहेला रक्त देते, लगेच मागे क्रेनियल मेसेंटेरिक, पोटातली सगळ्यात मोठी फांदी, बहुतेक आतडं तिच्यावरच चालतं, मग किडन्यांच्या दोन, त्यात उजवी आधी निघते कारण उजवी किडनीच जरा पुढे, डोक्याकडे असते. माणसाची महाधमनी शेवटी दोन कॉमन इलियकमध्ये, म्हणजे कमरेखाली आणि पायांकडे जाणाऱ्या धमन्यांमध्ये फुटते, कुत्र्यात ती कॉमन भानगडच नाही, आधी बाहेरच्या दोन इलियक सुटतात, मग आतल्या दोन.

हा नकाशा तिघांतही तोच. एखाद्याच्या एका किडनीला दोन धमन्या निघतात, बहुतेक वेळा डावीला, पण ते कुठल्याही तोंडाच्या कुत्र्यात होतं.

मग तुलना करताना गोची कुठे होते? पग सात-आठ किलोचा, बॉक्सर तीस किलोचा, आणि दोघंही आखूड तोंडाच्याच गटात! नुसते मिलिमीटर लिहून काढले तर तुम्ही डोकं नाही, वजन मोजताय. म्हणून धमनीची जाडी महाधमनीशी नाहीतर मणक्याच्या लांबीशी ताडून बघायची.

पण बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरिअरच्या पाठीतच घोळ असतो. पीळ पडलेल्या शेपटीमागे डीव्हीएल२ नावाच्या जीनमधला बदल आहे हे 2018 मध्ये समोर आलं, या जातींत पाठीचे मणकेही अर्धवट, पाचरीसारखे निघतात. 'सीलियक पहिल्या कंबरमणक्यापाशी' असं पुस्तक सांगतं खरं, पण मणके नीट मोजताच आले नाहीत तर पहिला कुठला धरणार?

आजारसुद्धा तोंड बघून येत नाहीत. लिव्हरला बगल देणारा जन्मजात शंट, म्हणजे रक्ताची चुकीची आडवाट, यॉर्कशायर, माल्टीज, पग अशा छोट्या जातींत बहुधा लिव्हरच्या बाहेर सापडतो, आयरिश वुल्फहाउंड आणि लॅब्रेडॉरसारख्या मोठ्यांत आत. ग्रेट डेनचं जठर पीळ खातं तेव्हा जठर-प्लीहेमधल्या बारीक धमन्या फाटून पोटात रक्त साचतं, तिथे दोष खोल छातीचा.

चपट्या नाकाचा खरा त्रास सीटीच्या टेबलावर. भूल उतरताना पगचा लांब मऊ टाळू श्वास अडवू शकतो, म्हणून तो पूर्ण शुद्धीवर येऊन गिळायला लागेपर्यंत घशातली नळी काढत नाहीत.