‘रन’ म्हणजे धावणं? मग नाक कुठे पळालं?

नमस्कार मंडळी! एक वाक्य ऐका. ‘माय नोज इज रनिंग.’ शाळेत पाठ केलेला अर्थ लावला, तर नाक पळत सुटलंय. तेव्हा आज बोलू ‘रन’बद्दल.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत सगळ्यात लांबलचक नोंद बरीच वर्षं ‘सेट’ या क्रियापदाची होती. मग नव्या आवृत्तीसाठी एकेक शब्द पुन्हा तपासायला घेतला. २००० साली ‘मेक’नं तो मान पटकावला, २००७ मध्ये ‘पुट’नं आणि २०११ मध्ये आपल्या ‘रन’नं. एकट्या क्रियापदाचे अर्थ किती, तर ६४५! कृपा करून पाठ करायला बसू नका.

त्यापेक्षा ‘रन’ दिसलं की आधी ‘चालणे’ लावून बघा. इंग्रजीत धावणाऱ्या कितीतरी गोष्टी मराठीत चालतात. ‘द मशीन इज रनिंग’, मशीन चालू आहे. ‘शी रन्स अ कंपनी’, ती कंपनी चालवते. ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’, नाटक दोन वर्षं चाललं. आणि हसू नका हं, पाय नसलेलं घड्याळ आपणही चालवतोच की.

पातळ पदार्थ असेल तर ‘वाहणे’. नळ, नाक, अश्रू, सगळं त्यात आलं. कपड्याचा रंग धुताना गेला, तर ‘द कलर रॅन’. रस्ता असेल तर ‘जाणे’: ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता नदीच्या कडेनं जातो. नीट बघा, या सगळ्यांत न अडखळता पुढे जात राहणं आहे. पायांचा संबंध असेलच असं नाही.

निवडणुकीत तर गंमतच आहे. अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो, म्हणजे तो उभा राहतो. आपला उभाही राहतो आणि लढतोही.

‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे मला उशीर होतोय. अंथरुणात लोळत म्हटलंत तरी व्याकरण बरोबरच!

खरी दांडी उडते ती पुढे छोटे शब्द जोडल्यावर. ‘रन आउट’ म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. पण ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ यात कोणी बाद झालेलं नाही, दूध संपलंय. मराठीत दूध संपतं, इंग्रजीत या वाक्याचा कर्ता आपण असतो, म्हणून ‘वी’ आणि ‘ऑफ’ विसरू नका. ‘द मिल्क हॅज रन आउट’ हेही चालतं, पण मग ‘ऑफ’ नको.

‘रन इंटू’ जरा जपून. ‘आय रॅन इंटू अ फ्रेंड’ म्हणजे मित्र अचानक भेटला. ‘आय रॅन इंटू अ ट्री’ म्हणजे झाडावर आदळलो. ‘रन ओव्हर’ तर त्याहून बेरकी: मीटिंग ‘रॅन ओव्हर’ झाली तर ती ठरल्या वेळेपेक्षा लांबली, ट्रक बॅगेवरून ‘रॅन ओव्हर’ झाला तर बॅग चिरडली.

आणि साहेब म्हणाले, ‘रन इट बाय मी फर्स्ट’, तर फाइल घेऊन धावू नका. पुढे पाठवायच्या आधी मला एकदा दाखवा, एवढंच ते म्हणतायत.

‘सेट’ पुढच्या व्हिडिओत. एका भागात आटपेल असं वाटत नाही.