माल, मालक आणि वकील बटलर

(पडद्यावर: रात्रीचं काळं पाणी. दूरवर किल्ल्याचे दिवे.)

२३ मे १८६१ ची रात्र. व्हर्जिनियाच्या मतदारांनी आजच अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलंय. अंधारात एक होडी मन्रो किल्ल्याकडे निघालीय. होडीत तिघं जण आहेत. फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड, शेपर्ड मॅलरी. तिघंही गुलाम. एकाचं तर आडनावही मालकाचंच. मालक कर्नल चार्ल्स मॅलरी त्यांना पलीकडच्या काठावर बंडखोरांसाठी तोफांचा मोर्चा बांधायला लावत होता.

ज्या टोकावर हा किल्ला आहे, त्याच टोकाला १६१९ मध्ये आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं उतरवली होती. व्हर्जिनियातली पहिली.

किल्ला उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या फौजेच्या ताब्यात होता. पण कायदा मालकाच्या बाजूने होता. १८५० चा कायदा सांगायचा, पळालेला गुलाम सापडला की परत करा. आणि किल्ल्याच्या नव्या प्रमुखाला, मेजर जनरल बेंजामिन बटलरला, येऊन जेमतेम एक दिवस झाला होता.

(पडद्यावर: बटलरचं छायाचित्र.)

टक्कल, जाड मिशा, एक पापणी ओघळलेली. शिपाईगिरी बेताचीच. पेशाने वकील. तो तान्हा असतानाच बाप गेला. आई लॉवेल गावात गिरणीकामगारांची राहण्या-जेवणाची सोय करून घर चालवायची. त्या गिरण्यांमधला कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्याच हातचा. १८४० मध्ये बटलरला सनद मिळाली आणि कायद्यातली फट शोधण्यात त्याचा हातखंडा झाला.

गुलामगिरीचा विरोधक? छे. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याने पुन्हा पुन्हा ज्याला मत दिलं, तो जेफर्सन डेव्हिस वर्षभरात बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला.

दुसऱ्या दिवशी मेजर जॉन केरी पांढरं निशाण घेऊन आला. कर्नल मॅलरीची माणसं परत द्या, कायद्याने तुम्ही बांधील आहात.

बटलरने विचारलं, व्हर्जिनिया आता परका देश आहे, असं तुम्हीच सांगता ना? मग अमेरिकेचा कायदा परक्या देशाला कसा लागू होईल?

केरीही कच्चा नव्हता. तुमच्या मते तर आम्ही फुटूच शकत नाही, तो म्हणाला.

पण तुम्ही म्हणता ना, की फुटलो!

आणि मग खरा डाव. गुलाम म्हणजे मालमत्ता, हेही तुमचंच म्हणणं. शत्रूचा जो माल लढाईच्या कामी येतो, तो जप्त करता येतो. हे तिघं मोर्चा बांधत होते, म्हणून मी त्यांना ठेवून घेतो. मॅलरीने इथे यावं, अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावं.

मॅलरी काही आला नाही.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. रविवारी आठ जण आले, सोमवारी ४७. त्यांना नाव पडलं ‘कॉन्ट्राबँड’, म्हणजे जप्तीचा माल. पण त्या ४७ जणांत कडेवरची पोरंही होती. तान्ह्या पोराने कुठला मोर्चा बांधला? वकिलाचा युक्तिवाद तिथे अडला.

जुलै अखेर किल्ल्याभोवती सुमारे ९०० माणसं जमली, तेव्हा बटलरने युद्धमंत्र्यांना पत्र लिहिलं. मालक यांना टाकून पळाले, म्हणजे हा माल बेवारस. बेवारस माल वाचवणाऱ्याचा होतो. पण आम्हाला असला माल नको, आम्ही तो ठेवणार नाही. मग मालकीचं नातंच संपलं. आता उरले ते पुरुष, बायका आणि मुलं, नाही का?

इथे बटलरला पाझर फुटला असं मला वाटत नाही. हिशेब मांडता मांडता तो तिथे पोचला. ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बंडाच्या कामी लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क रद्द करणारा कायदा केला.

(पडद्यावर: न्यू ऑर्लीन्सचा घाट.)

१८६२ मध्ये दक्षिणेतलं न्यू ऑर्लीन्स शहर त्याच्या ताब्यात आलं. सैनिकांचा अपमान करणाऱ्या बाईला धंदेवाली समजावं, असा हुकूम त्याने काढला. हुकूम हलकट होता, यात वाद नको. गावाने शौचाच्या भांड्यांच्या तळाशी त्याचा चेहरा छापला. डेव्हिसने तो सापडल्यास फासावर द्यायला सांगितलं. चांदीचे चमचे लाटल्याचा आळही आला. पण त्याच माणसाने गटारं आणि रस्ते साफ करवून, जहाजांना विलगीकरणात ठेवून पिवळ्या तापाची साथ रोखली.

रणांगणावर मात्र यश कमीच. दक्षिणेच्या फिशर किल्ल्यावरची मोहीम फसल्यावर जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेचा सरसेनापती ग्रँटने त्याला घरी पाठवलं.

पुढे बटलर काँग्रेसमध्ये गेला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवरच्या महाभियोगाचा खटला त्याने मांडला. जॉन्सन एका मताने वाचला. खाणावळी, आगगाड्या, नाटकगृहं काळ्यांनाही खुली करणारा १८७५ चा नागरी हक्क कायदा पुढे रेटणाऱ्यांत तो होता. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. त्या वर्षी बटलर मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता.

११ जानेवारी १८९३ रोजी तो वॉशिंग्टनमध्ये वारला. दफन लॉवेलमध्ये झालं.