स्कॅनमध्ये न दिसणारी चौकट

वाशीतल्या एका निदान केंद्रात रात्रीचे साडेनऊ वाजलेत. शेवटचा पेशंट गेलाय. सीटी स्कॅनच्या टेबलावर आता पाण्याचा डबा आहे. डब्यात अ‍ॅक्रिलिकची चौकट, आणि चौकटीत टायटॅनियमचे दोन पेडिकल स्क्रू नि त्यांना जोडणारा रॉड. कमरेच्या मणक्यांत बसवतात, तसेच.

चौकट बनवलीय नवी मुंबईतल्याच इंजिनिअरिंगच्या चार पोरांनी. स्क्रू ठरलेल्या कोनात धरून ठेवायचा आणि स्वतः चित्रात लुडबुड करायची नाही, एवढंच तिचं काम.

धातू क्ष-किरणांतला कमी ऊर्जेचा भाग आधी शोषतो. मग स्क्रूभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात. डॉक्टरांना नेमकं तिथेच बघायचं असतं, कारण हाडात सैल झालेल्या स्क्रूभोवती काळी कडा दिसते. ती कडा खरी की पट्ट्यांचा भास? हे ओळखायचं, तर स्क्रू कुठे नि किती अंशात आहे हे आधीच पक्कं ठाऊक असलेलं चित्र हवं.

पहिली चौकट थ्रीडी प्रिंटरवर काढली होती. तिचं प्लास्टिक आतून जाळीदार, जाळीत हवा. सीटीच्या मापात पाणी 0, हवा उणे 1000. स्कॅनवर अख्खी जाळी उठून दिसली. मग रबाळे एमआयडीसीतून 10 मिलिमीटरचं भरीव अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून आणलं. पितळी नट काढून नायलॉनचे बोल्ट घातले.

आज रिकामी चौकट आधी स्कॅन झाली. स्वच्छ. मग स्क्रूसकट.

"हे काळं काय रे?" काचेआडून टेक्निशियन दादा विचारतात.

आट्यांना हवेचे बुडबुडे चिकटलेत. हुबेहूब सैल स्क्रू! आज ते नजरेतून सुटले असते, तर पुढचं प्रत्येक माप खोटं ठरलं असतं. डबा बाहेर येतो, मऊ ब्रशने एकेक आटा झटकला जातो.

आता खरी कसोटी. 20 अंशांवर लावलेला स्क्रू काढायचा, परत बसवायचा, पुन्हा स्कॅन. असं दहा वेळा. चौथ्या वेळी कोन एका अंशाने सरकतो. लेझरने जाड शीटमध्ये पाडलेलं भोक एका बाजूला किंचित रुंद होतं. स्क्रूचा धारक तिथे हलतोय. मार्करने भोकाभोवती गोल काढला जातो. उद्या ते ड्रिल करून, रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवून नीट करायचं.

"दादा, उरलेले सहाही घेऊ या? किती हलतंय ते तरी कळेल."

दादा घड्याळाकडे बघतात. "बसव. दार लावून बाहेर ये."