काळी माती आणि नऊ नंबर

(दृश्य: सकाळचे साडेसहा. पाऊस नुकताच थांबलाय. बुटाचा तळ, अगदी जवळून.)

हा फुटबॉलचा बूट आहे. खाली स्टड, म्हणजे पकडीसाठीचे खुंट, आहेत म्हणे. दिसतोय एखादा?

ही माळव्याची काळी माती. पाणी प्यायली की फुगते आणि तळव्याला थापल्यासारखी बसते. दहा मिनिटं पळालं की पायाला वीट बांधल्यागत वाटतं. सरावातली पहिली विश्रांती म्हणून पाणी प्यायला नसते, बूट खरवडायला असते. हा पोरगा त्यासाठी सायकलचा मोडका स्पोक मोज्यात खोचून आणतो.

इंदूरच्या एका कॉलेजचा हा संघ. पावसाळा सरला की आंतरमहाविद्यालयीन सामने. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार, तो पश्चिम विभागात खेळणार आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जाणार. ही शिडी इथल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ आहे. सध्या सगळे पहिल्या पायरीवर उभे आहेत, तेही चिखलात.

(दृश्य: उभा लांब फटका. चेंडू हवेत. खाली कोणीच नाही.)

गेल्या मोसमात हा चेंडू वाया जात नसे. खाली एक ताडमाड नऊ नंबर, म्हणजे सगळ्यात पुढचा गोल मारणारा, उभा असायचा. मागून उचलून मारायचं, त्यानं डोक्यानं खाली ठेवायचं, बाकीच्यांनी धाव घ्यायची. डाव एकच होता, पण चालायचा. चिखलाशी गाठच पडत नसे, कारण चेंडू जमिनीवर फारसा यायचाच नाही. त्याच्या जोरावर संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि टायब्रेकरवर हरला.

तो पोरगा पास होऊन गेला. कॉलेजच्या संघाचं हे एक असतं, तुमचा हुकमी खेळाडू पेपरात नापास व्हावा अशी इच्छाही धरता येत नाही.

सवय मात्र मागे राहिली. स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, अजून मान वर न करता लांब मारतो आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतो.

(दृश्य: आग्रा-मुंबई रस्ता. बसच्या खिडकीतून राऊ, मग राजेंद्रनगर.)

बचावाची मला काळजी वाटत नाही. दोन्ही साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, महूचे. महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजांनी महूला छावणी वसवली. छावणी आली की मैदानं येतात, मैदानं आली की पलटणींचे सामने येतात. तिथली पोरं ते बघतच वाढतात. इंदूर मात्र क्रिकेटचं. सी. के. नायडूंच्या होळकर संघानं १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक आणला, त्याचा गुलाल अजून उतरलेला नाही. फुटबॉल इथे महूहून बसनं येतो, रोज वीस-बावीस किलोमीटर.

गोलकीपर महूजवळच्या कोदरियाचा. उंची बेताची, पण झेप अशी की उंचीचा विषय निघत नाही. मी त्याला विचारलं, शंकर लक्ष्मण माहीत आहेत का? भारतीय हॉकीचे गोलकीपर, १९५६ आणि १९६४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकांचे मानकरी. ते महूचे. सुरुवात त्यांची कोदरियाच्या फुटबॉल संघातून झाली. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत बँडवाले म्हणून भरती झाले आणि हॉकीकडे वळले. पोरानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मी पण बँड शिकू का, सर?"

(दृश्य: मधल्या फळीचा सराव. छोटे पास. पाच पासांनंतर चेंडू चिखलात रुततो.)

खरा प्रश्न इथे आहे. उंच पोरगा नाही, म्हणजे आता चेंडू जमिनीवरून पुढे न्यायला हवा. त्यासाठी माणूस आहे. इंदूरच्या रामबागेतला हा दहा नंबर, मधून डाव रचणारा, अंगानं किडमिडीत. घरी आजीशी मराठी, मैदानावर 'अरे भिया' करत हिंदी. चेंडू पायात यायच्या आधी दोनदा मागे वळून बघतो, हे या वयात फार थोड्यांना जमतं. प्रशिक्षक सरांनी उजव्या बगलेवरच्या चपळ पोराला मध्ये आणून नऊ नंबर दिलाय. तो बचावपटूंना अंगावर घेत नाही, मागे सरकून चेंडू मागतो. माझ्या मते निर्णय बरोबर आहे. फक्त मैदानाला तो अजून मान्य नाही.

या गावच्या जमिनीनं खेळाला याआधीही दगा दिलाय. २५ डिसेंबर १९९७ ला नेहरू स्टेडियमवरचा भारत-श्रीलंका सामना तीन षटकांत गुंडाळला होता, खेळपट्टी धोकादायक म्हणून.

तेव्हा माझा अंदाज ऐका. सुरुवातीचे सामने रखडत जातील, एक-शून्य, शून्य-शून्य. कीपर आणि महूची जोडी तेवढं निभावून नेईल. मैदान सुकलं की हा संघ गेल्या वर्षीपेक्षा देखणा खेळेल आणि उपांत्य फेरी गाठेल. अंतिम फेरीबद्दल मी पैज लावणार नाही. बाकावर दहा नंबरला पर्याय नाही. त्याचा घोटा मुरगळला तर पुन्हा उभा लांब फटका, आणि खाली कोणी नाही.

(दृश्य: मैदानाच्या कडेला लोखंडी रोलर. शेजारी रेषा आखायच्या फक्कीची पोती, प्लास्टिकनं झाकलेली.)

सराव संपलाय. पोरं उसळ-पोह्यांच्या गाडीकडे पळाली. सर मागे राहिलेत, मैदान बघणाऱ्या काकांबरोबर. रोलर कधी फिरवायचा यावर रोजचा वाद. लवकर फिरवला तर माती रोलरलाच गुंडाळून येते. उशीर केला तर ती भेगाळून दगडासारखी होते आणि रोलर वरून नुसता घरंगळतो. मधले दोन-तीन दिवस काय ते कामाचे. शेतकरी त्याला वाफसा म्हणतात.

काका वाकतात. ढेकूळ उचलून मुठीत दाबतात, मूठ उघडतात. बोटांचे ठसे तसेच उमटलेत.

"अजून ओली आहे, सर."

सर आकाशाकडे बघतात. राऊच्या बाजूला पुन्हा भरून आलंय.