पायगुण

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडला जाऊन आलो म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. लॉख नेस सरोवरातला तो राक्षस दिसला का, आणि घागरे घातलेले पुरुष दिसले का. राक्षस नाही दिसला. पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीनं तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं काळपट. बुडवलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत, तिथं राक्षस कुठला दिसायला! आणि घागरा म्हणू नका, किल्ट म्हणा. १७४६ साली डोंगरी बंडखोरांविरुद्धची कलोडनची लढाई जिंकल्यावर लंडनच्या सरकारनं डोंगरी पुरुषांना हा पोशाखच बंद केला. बंदी उठली १७८२ साली. सरकार ज्याला इतकी वर्षं घाबरलं, तो घागरा कसा?

एडिंबराच्या किल्ल्यावर रविवार सोडून बहुतेक रोज दुपारी एकला तोफ उडते. जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून १८६१ साली ही पद्धत पडली. बाराला का नाही? तर बारा बार उडवावे लागले असते, असं तिथलीच माणसं हसत सांगतात. आमचा ग्रुप त्या वेळी बसमध्ये चिवड्याचा डबा शोधत होता. सहा दिवसांत नऊ गावं दाखवणाऱ्या सहलींबद्दल माझं मत विचारू नका, कार्यक्रमाची वेळ संपेल. पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो. भर डिसेंबरात, ग्लेनकोला.

ग्लेनको म्हणजे दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे डोंगर आणि मधून रस्ता. चारला अंधार. १६९२ च्या फेब्रुवारीत इथं सरकारी सैनिक मॅकडोनाल्ड कुळातल्या लोकांच्या घरी पाहुणे म्हणून उतरले, पंधरवडाभर जेवले, आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. पाहुण्यांनी यजमानांना! हे ध्यानात असू द्या.

कारण मी तिथं एका आजीबाईंच्या घरी खोली घेतली होती. एकतीस डिसेंबर, म्हणजे त्यांचा हॉगमने. नाताळची सुट्टीसुद्धा तिथं १९५८ पर्यंत नव्हती, धर्मसुधारकांना तो सण खपत नसे. सगळी हौस या रात्री. रात्री पावणेबाराला आजीबाई माझ्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचे केस काळे आहेत. बाहेर जा."

बाहेर जा! मी घाबरलोच. मग उलगडा झाला. बारानंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर वर्ष चांगलं जातं. काळ्या केसांच्या, बरं का. सोनेरी केसांचा नको; तो दारात आला की व्हायकिंग आला, असं जुनं भय. म्हणजे पायगुणच! आपल्याकडे पायगुण बघायचा तो नव्या सुनेचा, जावयाचा कुणी बघत नाही. तिथं बाप्याचा बघतात, हे मला फार आवडलं.

तर मी दाराबाहेर, उणे तापमानात. रीतीप्रमाणे एका हातात कोळशाचा खडा, दुसऱ्यात शॉर्टब्रेड बिस्किटांचा पुडा, कोटाच्या खिशात व्हिस्कीची बाटली. आत बाराचे ठोके पडले, दार उघडलं, आठ-दहा चेहरे माझ्या पायांकडे बघताहेत. आणि मी काय केलं? सवयीनं खाली वाकलो, कोळसा पायरीवर ठेवला आणि बूट काढायला लागलो!

नाडीची गाठ सुटेना. आतून कुणीतरी ओरडलं, "या हो आत, वर्ष गारठतंय!" मी मोज्यांवर आत. पुडा आला, बाटली आली, कोळसा बाहेरच. धावत जाऊन आणला. आता वाद पेटला: दुसऱ्यांदा आलो ते पहिलं पाऊल धरायचं का? एका काकांचं म्हणणं, मोज्यातलं पाऊल मोजतच नाहीत. शेवटी आजीबाईंनी निकाल दिला. पाऊल आधी आलं, कोळसा मागून आला, चालेल. मी खडा शेकोटीत टाकला, आणि काळ्याकुट्ट हातानं सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. सगळ्यांशी! आजीबाई त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, अर्थ असा की तुमच्या धुराड्यातून सदा धूर निघो. आपल्या चूल पेटती राहो सारखंच.

पुढच्या नोव्हेंबरात त्यांचं पत्र आलं. लिहिलं होतं, "यंदा धुराडं दोनदा तुंबलं. एकतीसला येताय ना? बूट घालूनच या."