दुःखाचे नाव न घेता

श्रोतेहो, नमस्कार.

कथा-कादंबरीतील पात्र जिवंत कधी वाटते, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या काव्यशास्त्रातच आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी रसदोष सांगताना आरंभीच बजावले, की भावाचे नुसते नाव घेणे हा दोष होय. ‘त्यांना अतोनात दुःख झाले’ असे लिहिणारा लेखक वाचकाला बातमी देतो, दुःख देत नाही. ‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतमुनींच्या सूत्रातही रस निर्माण होतो तो विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून. म्हणजे भाव जागवणारे कारण, वागण्याबोलण्यात उमटणारी त्याची खूण आणि त्याच्या सोबतीने ये-जा करणारे इतर भाव. कारण आणि खूण नवोदित लेखकाला सहसा साधते. अडते ते तिसऱ्यापाशी.

आपण नवी मुंबईतल्या घणसोलीतील पंचाहत्तरीचे एक आगरी गृहस्थ कल्पू या. १९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. त्यांत यांची भातखाचरेही गेली. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या, साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर इमारत उभी राहिली आणि आज घरभाड्यावर त्यांचे उत्तम चालले आहे. या माणसाची व्यथा लिहायची, तर बहुतेक जण त्यांना खाडीकडे तोंड करून बसवतील आणि डोळ्यांत पाणी आणतील. त्याऐवजी एका भाडेकरूने पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर स्कूटर लावावी आणि म्हाताऱ्याने वरच्या गॅलरीतून ओरडावे, “बांध कोरतोस काय रे माझा?” महापेच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या त्या पोराला या वाक्याचा अर्थही लागत नाही, तो हसतो आणि स्कूटर वीतभर मागे घेतो. जमीन जाऊन चार दशके उलटली तरी जिभेवरचा बांध गेलेला नाही, हे आता लेखकाने सांगायला नको.

लेखनाच्या कार्यशाळांत पात्राचा आवडता रंग, आवडता पदार्थ, जन्मरास असे तक्ते भरून घेतात. मला त्यांचा फारसा उपयोग दिसलेला नाही. या गृहस्थांना कोणता रंग आवडतो यापेक्षा ते कोणत्या गोष्टीवरून चिडतात, हे कळणे मोलाचे.

तरीही एवढ्यावर थांबलो, तर हाती लागतो तो एक गोड, बिचारा प्रकल्पग्रस्त. १९२७ साली केंब्रिजमधील व्याख्यानांत इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी भरीव पात्राची कसोटी सांगितली होती, की त्याने आपल्याला चकित करावे आणि तरीही ते पटावे. म्हणून त्या भूखंडाच्या कागदपत्रांकडे वळू या. वारसांमध्ये धाकटी बहीणही होती. एका दिवाळीत भाऊबीजेला पैठणी देऊन, जेवण झाल्यावर, या भावाने तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली. सरकारने आपल्याला कवडीमोल भाव दिला म्हणून आयुष्यभर कुढणाऱ्या माणसाने बहिणीला तेवढाही दिला नाही. भरतमुनींनी मोजलेल्या ३३ व्यभिचारी भावांपैकी शंका, गर्व आणि व्रीडा इथे एकदम कामाला लागतात: आपण चुकलो की काय ही शंका, घर आपणच सावरले हा गर्व आणि बहिणीसमोर पैशांचा विषय निघताच होणारी लाज. लेखकाने इथे न्यायनिवाडा करू नये. त्या दुपारी भावाला आपले वागणे रास्त का वाटले, ते त्याच्याच तर्काने लिहावे.

बहिणीलाही नुसती फसवली गेलेली बाई म्हणून सोडून चालणार नाही. ती पाचवीपर्यंत शिकलेली आहे. कागद तिने वाचला होता. सही न केल्यास पुढच्या दिवाळीला माहेरचे दार आपल्यासाठी उघडणार नाही, हा हिशेब तिने भावाच्या आधीच केला होता आणि पैठणी मात्र तिने मुद्दाम हलक्यातली नव्हे, भारीतली मागून घेतली होती.